देवडीवरचा सत्पुरुष : ब्रदर आंद्रे

पर्वकाळी संतचरित्र सांगावे आणि ऐकावे, ही आपल्या घराघरांतील जुनी रीत आहे. ते चरित्र आपल्याच संप्रदायातील असले पाहिजे, असा दंडक मात्र कोणी घालून दिलेला नाही. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपण म्हणतो. परंतु आज ज्या सत्पुरुषाची कथा सांगावयाची, त्याचे कूळ सांगितल्यावाचून कथेतील मर्म हाती लागणार नाही. म्हणून आरंभ तेथूनच करू.

कॅनडा देशाच्या पूर्वभागात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तेथील बहुसंख्य लोक फ्रेंच भाषा बोलणारे आणि परंपरेने कॅथलिक पंथाचे. या प्रांतातील मॉन्ट्रियल या महानगराच्या आग्नेयेस माँ-सें-ग्रेग्वार नावाचे एक खेडे आहे. तेथे ९ ऑगस्ट १८४५ रोजी इझाक बेसेत नावाच्या एका गरीब सुताराच्या घरी मुलगा जन्मास आला. मूल इतके अशक्त होते, की ते रात्र काढील की नाही याचीच शंका वाटून घरच्या माणसांनी घाईघाईने घरातच त्याचा बाप्तिस्मा उरकून घेतला. त्याचे नाव आल्फ्रेड ठेवले. ज्याच्या जगण्याची एका रात्रीची खात्री नव्हती, त्याने पुढे एक्क्याण्णव वर्षांचे आयुष्य भोगले, आणि त्यातील बहुतेक वर्षे पोटाच्या व्याधीसह भोगली, हे येथेच सांगून ठेवतो. कारण पुढील कथेत त्या व्याधीचा विसर पडण्याचा संभव आहे.

पित्याचा हात लाकडावर चालत असे. सुतारकामावर भागेना तेव्हा तो रानात लाकूडतोडीस जाऊ लागला. १८५५ साली तोडलेले झाड त्याच्याच अंगावर कोसळून त्याचा अंत झाला. आल्फ्रेड तेव्हा नऊ वर्षांचा होता. मागे मोठे कुटुंब आणि जवळ काही नाही. मुले नातेवाइकांकडे वाटली गेली. हा एक दुबळा मुलगा तेवढा आईने आपल्याजवळ ठेवला आणि ती बहिणीच्या आश्रयास सें-सेझेर या गावी गेली. दोन वर्षांनी, १८५७ साली, क्षयाने तीही गेली. बारा वर्षांच्या पोरक्या आल्फ्रेडला मावशी आणि तिचे यजमान यांनी सांभाळले, पण फुकट खाऊ घालण्याइतकी ऐपत त्यांच्याही घरी नव्हती. मुलाने काहीतरी उद्योग शिकावा म्हणून त्याला एकामागून एक कामांवर धाडण्यात आले. जोडे शिवणे झाले, भट्टीवर पाव भाजणे झाले, लोहाराच्या ऐरणीपाशी उभे राहणे झाले. सर्वत्र एकच अनुभव : मुलगा मन लावून काम करी, पण प्रकृती साथ देत नसे. शाळा अशी त्याला फारशी लाभलीच नाही. अक्षरओळख तो पुढे मोठेपणी कष्टाने करून घेणार होता.

१८६३ साली, अठरा वर्षांच्या सुमारास, तो सीमा ओलांडून संयुक्त संस्थानांत गेला. त्या काळी क्वेबेकमधील गरीब फ्रेंच भाषिकांचे तांडेच्या तांडे न्यू इंग्लंड भागातील सूतगिरण्यांत पोट भरावयास जात. आल्फ्रेड तेथे चार वर्षे राबला, कामापुरती इंग्रजी शिकला आणि १८६७ साली परत आला. गेला तसाच, रिकाम्या हातांनी. एक गोष्ट मात्र त्याच्याबरोबर सर्वत्र हिंडली होती. दिवसाचे काम संपले की हा तरुण गुडघे टेकून तासन् तास प्रार्थनेत बसे. कोणी त्याला हे शिकवले होते, असे म्हणता येत नाही. आईच्या मांडीवर जे काही कानी पडले असेल, तेवढेच त्याचे गुरुकुल.

सें-सेझेरचे धर्मगुरू आंद्रे प्रोवांसाल यांच्या दृष्टीस ही वृत्ती पडली होती. माँट्रियलजवळ कोत-दे-नेज येथे होली क्रॉस नावाच्या संघाचे एक विद्यालय होते. तेथे त्यांनी १८७० साली या पंचवीस वर्षांच्या तरुणास पाठविले आणि संघाच्या प्रमुखांना कळविले की, मी तुमच्याकडे एक संत पाठवीत आहे. प्रमुखांना समोर दिसला तो जेमतेम पाच फूट उंचीचा, फिकट चेहऱ्याचा, निरक्षरप्राय मनुष्य. त्या संघात दोन प्रकारचे लोक असत. एक दीक्षित धर्मगुरू, ज्यांना मिस्सा ही मुख्य उपासना चालविण्याचा आणि व्यासपीठावरून प्रवचन करण्याचा अधिकार असे. दुसरे धर्मबंधू, म्हणजे ब्रदर. यांनी व्रते घ्यावयाची, संघाची सेवा करावयाची. पौरोहित्याचा अधिकार त्यांना नाही. आल्फ्रेड या दुसऱ्या वर्गात दाखल झाला आणि आपल्याला येथवर आणणाऱ्या धर्मगुरूंचे नाव त्याने धारण केले. येथून पुढे तो जगाला ब्रदर आंद्रे या नावानेच ठाऊक आहे. आपणही आता त्यांचा उल्लेख आदरार्थी करू.

परंतु त्यांना व्रतदीक्षा देण्यास संघ कचरू लागला. ज्याच्या हातून काम होणार नाही, असा रोगी मनुष्य जन्मभर पोसावयाचा कसा, हा प्रश्न व्यवहाराला धरूनच होता. त्यासाठी त्या संघास दोष देण्याचे कारण नाही. याच सुमारास मॉन्ट्रियलचे वृद्ध बिशप इन्यास बूर्जे विद्यालयास भेट देण्यास आले. तेव्हा या लाजाळू मनुष्याने एकदाच धीर केला. तो बिशपांपुढे गुडघे टेकून बसला आणि मला येथून घालवू देऊ नका, अशी त्याने विनवणी केली. बूर्जे यांनी त्यांना अभय दिले. १८७२ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पहिली व्रते झाली आणि २ फेब्रुवारी १८७४ रोजी आजन्म व्रते झाली. देवाच्या घरी राहू द्या, यापलीकडे त्यांनी त्या दिवशी काही मागितले नाही. आणि पुढे स्वतःसाठी कोणाजवळ काही मागितल्याचा प्रसंग त्यांच्या चरित्रात विरळाच आढळतो.

अशा माणसाला कोणते काम द्यावयाचे? त्यांना विद्यालयाच्या देवडीवर बसविण्यात आले. ही देवडी त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे राखली. संघात आलो तेव्हा मला दार दाखविण्यात आले आणि मी चाळीस वर्षे तेथेच राहिलो, असा विनोद ते उतारवयात करीत. देवडीचे काम म्हणजे केवळ कडी काढणे आणि लावणे नव्हे. पहाटे सर्वांना जागे करावयाचे, घंटा वाजवावयाची, टपाल आणावयाचे व पोचवावयाचे, मुलांचे कपडे धुण्यास न्यावयाचे, मुलांचे केस कापावयाचे, आणि आल्यागेल्यांच्या बुटांनी मळलेली फरशी रात्री गुडघ्यांवर बसून घासावयाची. दारालगत एक लहानशी खोली, तीत एक बाक आणि खिडकीच्या कट्ट्यावर संत जोसेफ यांची मूर्ती. रस्त्याच्या पलीकडे माउंट रॉयल हा डोंगर. मूर्तीचे तोंड डोंगराकडे असे.

हे संत जोसेफ कोण, ते सांगितले पाहिजे. येशू ख्रिस्ताची माता मरिया. जोसेफ हे तिचे पती आणि येशूचे पालकपिता. व्यवसायाने सुतार. ख्रिस्ती शुभवर्तमानांत त्यांची कथा आहे, पण संपूर्ण कथेत त्यांच्या मुखी एकही शब्द नाही. देवदूत स्वप्नात येऊन सांगतो आणि हा मनुष्य उठून ते करतो. बायको-लेकराला घेऊन परदेशी पळतो, परत येतो, राबतो आणि कथेतून केव्हा निघून गेला तेही कळत नाही. कष्टकऱ्यांचा, निर्वासितांचा आणि मरणाच्या दारी असलेल्यांचा आधार म्हणून कॅथलिक लोक त्यांना भजतात. १६२४ पासून कॅनडा देश त्यांच्याच रक्षणाखाली मानला जातो, आणि ब्रदर आंद्रे संघात आले त्याच वर्षी, १८७० च्या डिसेंबरात, पोप नववे पायस यांनी त्यांना संपूर्ण कॅथलिक धर्मसंस्थेचे रक्षक म्हणून घोषित केले. सुताराच्या पोरक्या मुलाने बाप म्हणून जोसेफ यांचे पाय धरले, यात नवल ते काय!

देवडीवर येणाऱ्या माणसांना दार उघडावे लागते, आणि दार उघडणाऱ्याजवळ माणसे मन उघडतात. मुलांना भेटावयास आलेले पालक घरच्या अडचणी सांगत. कोणाचे मूल आजारी, कोणाची पत्नी अंथरुणास खिळलेली. ब्रदर आंद्रे ऐकून घेत आणि एकच उपाय सांगत : संत जोसेफ यांची प्रार्थना करा, नऊ दिवस करा. विद्यालयाच्या प्रार्थनागृहात जोसेफ यांच्या मूर्तीपुढे दिवा तेवत असे. त्या दिव्यातील थोडे तेल ते देत आणि दुखऱ्या भागास लावावयास सांगत. किंवा जोसेफ यांची मुद्रा असलेले लहानसे पदक हातावर ठेवीत. काही दिवसांनी त्यांतली काही माणसे परत येत ती उपकार मानण्यासाठी. त्यांच्या शेजारची येत, शेजारच्यांच्या ओळखीची येत. तापाने पडलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी उठून खेळावयास जा असे सांगितले, वैद्य रागावले, आणि मुलगा तपासला तो ताप उतरलेला. संधिवाताने चालता न येणाऱ्या बाईला फरशी घासता घासता वरही न पाहता चालावयास सांगितले आणि ती चालू लागली. अशा कथा तेव्हापासून सांगितल्या जाऊ लागल्या.

या कथांकडे कसे पाहावे? भाविकाने डोळे झाकून मान हलवावी आणि चिकित्सकाने हसून सोडून द्यावे, या दोन्ही वाटा सोप्या आहेत. कित्येक दुखणी आपोआप बरी होतात, कित्येक मनाच्या उभारीने हटतात, हे आज आपण जाणतो. तरीही त्या काळी ज्यांनी स्वतःच्या कुबड्या तेथे ठेवून दिल्या आणि जे आपल्या पायांनी घरी गेले, त्यांचे जाणे तर खोटे नव्हे. ब्रदर आंद्रे यांचे स्वतःचे मत या बाबतीत अगदी निःसंदिग्ध होते : मी कोणालाही बरे करीत नाही. त्यांच्या चरित्राचा सारा ताण या एका वाक्याभोवती आहे. कारण हे वाक्य ऐकावयास कोणी तयार नव्हते.

जो तो त्यांनाच वैद्य म्हणू लागला. आणि मग जे व्हावयाचे ते झाले. विद्यालय लहान मुलांचे. दाराशी खोकणारे, कण्हणारे, जखमा बांधलेले लोक रांगा लावू लागले. मुलांना संसर्ग होईल म्हणून पालकांनी तक्रारी केल्या, आणि ती भीती अनाठायी नव्हती. विद्यालयाच्या वैद्यांना हा सारा भोंदूपणा वाटला. संघातील काही बंधूंनीही तेल चोळणारा म्हातारा म्हणून त्यांची टवाळी केली. वरिष्ठांनी आज्ञा केली की, रोग्यांना विद्यालयात घेऊ नये. ब्रदर आंद्रे यांनी ती तत्काळ मानली. विद्यालयासमोर ट्रामचा थांबा होता आणि तेथे उतारूंसाठी छपराचा आडोसा होता. त्या आडोशाखाली ते रोग्यांना भेटू लागले. कॅनडाचा हिवाळा डोळ्यांपुढे आणा. गुडघाभर बर्फ, हाडे फोडणारा वारा, आणि त्यात ट्रामच्या आडोशाला उभा असलेला हा खुजा, काळ्या झग्यातला मनुष्य, एकेकाच्या कानाशी वाकून बोलणारा. येणारे उतारू त्यांच्याकडे पाहत आणि ट्राममध्ये चढून निघून जात. कोणाविरुद्ध त्यांनी गाऱ्हाणे केले नाही.

प्रकरण मॉन्ट्रियलचे आर्चबिशप पोल ब्रुशेझी यांच्यापर्यंत गेले. त्यांनी संघप्रमुखांना एवढेच विचारले की, थांब म्हणून आज्ञा केली तर हा बंधू थांबेल काय? थांबेल, डोळे मिटून थांबेल, असे उत्तर मिळाले. तेव्हा आर्चबिशप म्हणाले, की मग त्यास तसेच चालू द्या; हे कार्य देवाचे असेल तर टिकेल, नसेल तर आपोआप ढासळेल. हा प्रसंग मला नेहमी विचारात पाडतो. अधिकाऱ्याने चमत्कारांची खातरजमा आधी मागितली नाही. त्याने आज्ञाधारकपणाची चौकशी केली. जो आपले सामर्थ्य आज्ञेसरशी खाली ठेवू शकतो, त्याच्या हाती ते राहू देण्यात धोका कमी, असा त्यातला हिशेब असावा. खातरजमेसाठी चौकशीची समिती पुढे नेमली गेलीच, पण ती नंतर, १९१० च्या सुमारास.

इकडे डोंगर होताच. पलीकडची ती जागा संघाने विकत घ्यावी, असे ब्रदर आंद्रे यांना फार वाटे. त्यासाठी ते डोंगरावर फिरावयास जात आणि संत जोसेफ यांची पदके मातीत पुरून येत. १८९६ साली संघाने ती जमीन घेतली. तेथे जोसेफ यांच्यासाठी एखादे लहान देवालय व्हावे, ही त्यांची पुढची इच्छा. आणि पैसा कोठला? विद्यार्थ्यांचे केस कापल्याबद्दल त्यांना प्रत्येकी पाच सेंट मिळत. तेच त्यांना साठविण्याची परवानगी होती. अशा पाच पाच सेंटांनी आणि भाविकांच्या किरकोळ देणग्यांनी दोनशे डॉलर जमले. ५ सेंटांप्रमाणे २०० डॉलर म्हणजे चार हजार मुंडकी होतात, हा हिशेब वाचकांनी आपला करून पाहावा! १९ ऑक्टोबर १९०४ रोजी डोंगराच्या उतारावर १५ फूट रुंद आणि १८ फूट लांब अशी लाकडी वास्तू उभी राहिली. आत वेदी आणि उपासना चालविणारे धर्मगुरू मावत. दारे उघडली म्हणजे भक्तमंडळी बाहेर, झाडांखाली, आकाशाखाली उभी राहत. पाऊस आला तर भिजत.

त्यानंतर ते स्थान वाढतच गेले. भिंती वाढल्या, ऊब देणारी सोय झाली, वर एक खोली झाली. १९०९ साली ब्रदर आंद्रे यांना देवडीच्या कामातून मोकळे करून या स्थानाचे रक्षक नेमण्यात आले आणि पुढे ते वरच्या खोलीत राहू लागले. तेव्हा त्यांचे वय चौसष्टच्या घरात होते. सामान्य माणसाचे आयुष्य जेथे विसाव्यास लागते, तेथे त्यांच्या आयुष्याची ऐन धामधूम सुरू झाली. रोज शेकडो माणसे. एका लहानशा कचेरीत ते मेजामागे उभे राहत. एक जण आत येई, दोन शब्द बोले. ते दोन शब्द सांगत, घंटी वाजवीत, पुढला येई. पत्रे तर हजारोंनी येत आणि त्यांची उत्तरे लिहिण्यासाठी माणसे ठेवावी लागली. ज्याला स्वतःला चार ओळी लिहिणे जड, त्याच्या नावाने देशोदेशी उत्तरे जाऊ लागली. पुरुषांच्या दुखऱ्या अंगास ते स्वतः तेल चोळीत. स्त्रियांना कधी हात लावीत नसत.

संत म्हणजे सदा हसतमुख, असे कोणाच्या मनात चित्र असेल, तर ते येथे पुसावे लागेल. ब्रदर आंद्रे चिडत. पोटात अन्न ठरत नसे. पाण्यात शिजविलेली पिठाची पातळ पेज हाच बहुधा आहार. दिवसभर उभे राहणे, परदुःखाचे पाढे ऐकणे. कोणी आपला निम्मा वेळ वायफळ सांगण्यात घालविला, कोणी त्यांनाच चमत्कारी पुरुष म्हणून पायाशी वाकला, की ते तुटून बोलत. आणि संध्याकाळी आपण कोणाला दुखविले या विचाराने रडत. ही गोष्ट त्यांच्या निकटवर्तीयांनीच सांगून ठेवली आहे. मला ती लपवावी असे वाटत नाही. ज्याला दुःखितांची गर्दी रोज सोसावी लागते, त्याचा तोल कधीमधी जाणारच. रात्री रडता येते, त्याचा आत्मा शाबूत आहे.

कचेरी संपली की दिवस संपत नसे. मोटार असलेले काही गृहस्थ मित्र त्यांना संध्याकाळी घेऊन जात, ते ज्यांना डोंगरावर येणे शक्य नाही अशा रोग्यांच्या घरी. आधी सांगितले, की ब्रदर आंद्रे यांना व्यासपीठावर चढण्याचा अधिकार नव्हता. त्यांनी देवळात प्रवचन असे कधी केले नाही. पण या घरांतून, या मोटारींतून जाता-येता ते ख्रिस्ताच्या वेदनांची कथा सांगत. अटक, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस खांद्यावर घेऊन चढलेली ती टेकडी. आवाज घोगरा आणि खालचा, भाषा खेडवळ. पण जणू ते सारे काल डोळ्यांदेखत घडले, अशा रीतीने ते सांगत, आणि ऐकणाऱ्या कर्त्यासवरत्या पुरुषांचे डोळे भरून येत. निरूपण हाच ज्यांचा जन्माचा उद्योग आहे, त्या आम्हां लोकांना येथे थोडे खाली पाहावे लागते. आम्ही शब्द जमवितो, पाठांतर करतो, टाळ-मृदंगाची साथ घेतो. तो मनुष्य रोग्याच्या उशाशी बसून नुसता आठवत असे.

आता एक अवघड गोष्ट. जे बरे झाले त्यांच्या कुबड्या भिंतीवर टांगल्या गेल्या. जे बरे झाले नाहीत ते आपापल्या कुबड्यांसह परत गेले, आणि त्यांची गणती कोठेच नाही. त्यांची संख्या थोडी नसणार. ब्रदर आंद्रे त्यांना काय सांगत? दुःख टळावे म्हणून मागू नका, ते नीट सोसता यावे एवढे बळ मागा, असा त्यांचा उपदेश असे. निरोगी, सुखवस्तू माणसाने हा उपदेश केला असता तर तो क्रूर वाटला असता. पण सांगणारा स्वतः पिठाची पेज पिऊन उभा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करणाऱ्याचे स्वतःचे पोट अखेरपर्यंत सुधारले नाही. घरी परतणारा रोगी हे पाहून जात असे.

डोंगरावरचे काम पुढे सरकत होते. १९१७ साली हजार माणसे बसतील असे तळघराचे प्रशस्त देवालय खुले झाले, आणि १९२४ साली त्याच्या माथ्यावर महामंदिराच्या कामास हात घातला गेला. हा पैसा प्रामुख्याने लहान माणसांचा होता. ब्रदर आंद्रेही अधूनमधून संयुक्त संस्थानांत, आपण पूर्वी जेथे राबलो त्या गिरणीगावांकडे जात आणि जे मिळे ते परत येऊन वरिष्ठांच्या हाती ठेवीत. मग जगावर मोठी मंदी कोसळली. १९३१ साली काम बंद पडले. प्रचंड भिंती उभ्या, वर छप्पर नाही, आत पाऊस आणि बर्फ. पाच वर्षे तो सांगाडा तसाच उभा राहिला. हे सारे सोडून द्यावे की काय, असा विचार १९३६ साली संघात चालला असता नव्वदी ओलांडलेल्या या बंधूने सुचविले, की संत जोसेफ यांची मूर्ती नेऊन त्या उघड्या भिंतींच्या आत ठेवा. त्यांना डोक्यावर छप्पर हवे असेल तर ते आपली सोय करतील. त्या वर्षाच्या अखेरीस मूर्ती मिरवीत नेऊन उघड्या आकाशाखाली ठेवण्यात आली.

छप्पर त्यांनी पाहिले नाही. थोड्याच आठवड्यांत ते आजारी पडले आणि ६ जानेवारी १९३७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, एका रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. ख्रिस्ती पंचांगात तो दिवस पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याचा सण होय. ज्यांना व्रते देण्यास संघ कचरला होता, त्यांच्या दर्शनासाठी ऐन हिवाळ्यात, पाऊस आणि बर्फ अंगावर घेत, सुमारे दहा लाख माणसे त्या डोंगरावर लोटली, असे नमूद आहे. रांग रात्रंदिवस चालू होती. त्याच वर्षी महामंदिराचे काम पुन्हा सुरू झाले. फ्रान्समधील बेनेदिक्तीन संन्यासी व वास्तुशिल्पी दोम पोल बेलो यांच्या आराखड्यानुसार घुमट झाला, १९४१ मध्ये बाहेरील बांधणी पुरी झाली, आणि आतील कामास १९६७ साल उजाडले.

त्यांचे हृदय काढून पात्रात जतन करण्यात आले. आपल्याला ही रीत चमत्कारिक वाटेल. कॅथलिक लोकांत ती जुनी आहे. १९७३ च्या मार्चमध्ये चोरांनी ते पात्रच पळविले आणि खंडणी मागितली. साऱ्या शहराला हळहळ लागली. १९७४ च्या डिसेंबरात ते एका इमारतीतील कुलूपबंद कप्प्यात सापडले आणि पुन्हा स्वस्थानी आले. ज्याने जन्मात स्वतःसाठी कडी लावून घेतली नाही, त्याच्या हृदयाला आता पहारा आहे!

कॅथलिक धर्मसंस्थेत संतपद लोकांच्या प्रेमावर दिले जात नाही. वर्षानुवर्षे चौकशी चालते, साक्षी होतात आणि रोगमुक्तीचे प्रकरण वैद्यकाच्या तज्ज्ञांपुढे ठेवले जाते. शास्त्राला उलगडा होत नाही, असे तज्ज्ञांनी म्हटल्यावरच पुढचे पाऊल पडते. ब्रदर आंद्रे यांच्या हयातीतल्या त्या हजारो कथांपैकी एकीवरही हा निर्णय अवलंबून नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतरच्या दोन प्रकरणांचा विचार झाला. एक १९५८ मधील कर्करोगाच्या रोग्याचे, दुसरे १९९९ मधील मोटार-अपघातात सापडलेल्या मुलाचे. २३ मे १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि १७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संत. होली क्रॉस संघात मोठमोठे विद्वान आणि विद्यापीठे उभारणारे पुरुष होऊन गेले. संतपद पहिल्याने मिळाले ते दारवानाला.

आज रस्त्यापासून महामंदिरापर्यंत चढून जाण्यास २८३ पायऱ्या आहेत. त्यांतील मधल्या ओळीच्या ९९ पायऱ्या लाकडी असून त्या गुडघ्यांनी चढणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक पायरीवर थांबून यात्रेकरू प्रार्थना करतात. वर आत असंख्य दिवे तेवणारे एक दालन आहे, तेथे खांबांच्या मधोमध जुन्या कुबड्या ओळीने टांगलेल्या दिसतात. पलीकडे काळ्या दगडाची साधी समाधी आहे. लोक येतात, दगडावर पालथा हात ठेवतात, थोडा वेळ उभे राहतात. बाजूला डोंगराच्या उतारावर ते पहिले लाकडी देवालय अजून जपून ठेवले आहे. वरच्या खोलीत त्यांचा अरुंद पलंग आहे. आणि तेथून खाली पाहिले म्हणजे रस्त्याच्या पलीकडे ते विद्यालय दिसते. ते अद्याप चालू आहे, आणि सकाळी मुले त्याच्या दारातून आत जातात.